चक्की बसली, वीज किती आली?

पर्यावरणपूरक उद्योगांना सरकारने हात द्यावा की नाही, हा वाद आता शिळा झाला. कुठल्याही विचाराचं सरकार घ्या, ते हात देतंच आहे. कुणी सौरऊर्जेला, कुणी विजेवरच्या गाड्यांना, कुणी कचऱ्यापासून खत करणाऱ्यांना. अर्थसंकल्पाच्या भाषणात ‘हरित’ हा शब्द आला नाही तर आता चुकल्यासारखं वाटतं. मदत नेमकी कशाच्या मापाने द्यायची, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. किती कोटी ठेवले हे सांगितलं की बाकं वाजतात. त्या कोटींमधून काय निघायला हवं हे सांगितलं, तर पाच वर्षांनी कुणीतरी हिशेब मागेल.

माझा मुद्दा त्या मापाचाच आहे. सरकार ज्याचं माप धरतं, तेच त्याच्या पदरात पडतं. यंत्र बसवल्याबद्दल पैसे दिले तर यंत्रं बसतात. ती चालतात का, हा पुढचा प्रश्न, आणि तो विचारायला कुणी उरत नाही.

भारतातल्या पवनऊर्जेचं घ्या. १९९०च्या दशकात पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा (झिजेपोटी नफ्यातून वजा होणारी रक्कम) दाखवायची मुभा होती. २००२ नंतर ती ८० टक्क्यांवर आली. एखाद्या कंपनीला चांगला नफा झाला, कर वाचवायचा आहे, तर तिने चक्की घ्यावी. चक्कीची सगळी किंवा जवळजवळ सगळी किंमत त्याच वर्षीच्या नफ्यातून वजा होई. त्यामुळे कापडगिरण्या, सिमेंट कंपन्या असे वाऱ्याशी काडीचा संबंध नसलेले लोक चक्क्यांचे मालक झाले. मालमत्ता वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली तर घसारा निम्माच मिळतो, या नियमामुळे चक्क्या उभारायची घाई पूर्ण घसाऱ्यासाठी सप्टेंबरअखेर, आणि निदान निम्म्यासाठी मार्चअखेर. वारा कुठल्या डोंगरावर चांगला लागतो, सुटे भाग कोण पुरवणार, दुरुस्तीचा माणूस किती लांबून येणार, हे प्रश्न लेखापालाच्या टेबलावर येतच नाहीत. चक्की ज्या दिवशी उभी राहिली त्याच दिवशी तिने मालकाचा कर वाचवलेला असे. पुढे वीज मिळाली तर ती वरकमाई. यात कुणी चोरी केली नव्हती, सगळं नियमात बसवून झालं होतं. खोट नियमातच होती.

२००९ च्या अखेरीस केंद्राने दुसरी वाट उघडली: विजेच्या जाळ्यात सोडलेल्या प्रत्येक युनिटमागे ५० पैसे. हे योग्य माप. पण २०१२ मध्ये जुनी करसवलत कापली गेली आणि त्याच सुमारास युनिटमागची मदतही संपली. आदल्या वर्षी नव्या चक्क्यांची सुमारे ३,२०० मेगावॉटची भर पडली होती, ती १,७०० वर आली. मग दोन्ही सवलती पुढच्या दोन वर्षांत परत आणल्या गेल्या. या ये-जा करण्यात सर्वांत आधी कोण मरतं? मोठ्या कंपनीकडे साठवलेला पैसा असतो. तिला मनोऱ्याचे भाग, केबल, ओतकाम पुरवणाऱ्या लहान कारखान्याकडे पगाराचे दोन महिनेसुद्धा ओढायची ताकद नसते.

याच्या शेजारी डेन्मार्क ठेवून पाहावा, आणि जरा सावकाश पाहावा, कारण स्थानिक उद्योग आणि पर्यावरण या दोन्ही गोष्टी एकत्र साधल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

१९७३ च्या तेलसंकटात डेन्मार्कची ९० टक्क्यांहून जास्त ऊर्जा आयात तेलावर होती. तिथे पवनचक्क्या करायला पुढे आले ते सुतार, लोहार आणि शेतीची अवजारं बनवणारे. ख्रिस्तियान रीसागर नावाच्या सुताराने सत्तरच्या दशकाच्या मध्याला आपल्या घराजवळ चक्की उभारून ती विजेच्या जाळ्याला जोडली. वेस्टास ही आजची अवाढव्य कंपनी मुळात १८९८ मध्ये लेम या गावात निघालेलं लोहाराचं दुकान. या लोकांकडे ना संशोधन विभाग होता ना भांडवल. १९७९ मध्ये सरकारने चक्कीच्या किमतीच्या ३० टक्के अनुदान जाहीर केलं. म्हणजे तेही उभारणीलाच! वर केलेल्या माझ्याच मांडणीला हे आडवं जातं असं वाटेल. पण त्या अनुदानाला एक दार होतं. रीसो इथल्या चाचणी केंद्राने मान्यता दिलेल्या बनावटीलाच पैसे मिळत. (रीसो ही मुळात अणुसंशोधनाची संस्था. पुढे १९८५ मध्ये त्या देशाने अणुवीज नकोच म्हणून ठरवलं, आणि तिचं नाव झालं ते पवनचक्क्यांच्या परीक्षेमुळे.)

ही परीक्षा कशी होती, ते एका ब्रेकवरून कळेल. वादळात विजेचं जाळं बंद पडलं की जनित्रावरचा भार अचानक नाहीसा होतो, पाती मोकाट सुटतात आणि वेग इतका वाढतो की चक्की स्वतःच स्वतःला फाडते. सुरुवातीला असे अपघात झाले. तेव्हा रीसोने अट घातली: एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन ब्रेकयंत्रणा हव्यात. एक आसावर, दुसरी पात्याच्या टोकाशी, वेग हाताबाहेर गेला की आपोआप वळून हवेलाच आडवी होणारी. ही अट पुरी करायला लोहाराला इंजिनिअरकडे जावं लागलं, आणि इंजिनिअर त्याच केंद्रात बसलेला होता. परीक्षक आणि शिक्षक एकाच इमारतीत. अनुदानाचा खरा फायदा तिथे झाला. ३० टक्के ही त्या इमारतीत शिरायची लालूच होती, असं म्हटलं तरी चालेल.

दुसरी गोष्ट चक्कीमालकांनी स्वतः केली. त्यांच्या संघटनेने दर महिन्याला छापायला सुरुवात केली: कुठल्या बनावटीच्या चक्कीने किती वीज दिली, कुठे काय मोडलं. खराब माल विकणाऱ्याची अब्रू महिन्याभरात चव्हाट्यावर. आणि मालकही कोण, तर शेजारीपाजारी. सहकारी चक्कीत हिस्सा घ्यायचा तर त्या परिसरात राहायला हवं, असा नियम बराच काळ होता. डोक्यावर फिरणाऱ्या पात्यांबद्दल गाव कुरकुरलं नाही, याचं एक कारण पात्यांची मिळकत गावातच येत होती. अनुदान मात्र टप्प्याटप्प्याने कमी होत गेलं आणि १९८९ मध्ये बंद झालं. ते जाणार आहे, हे सर्वांना आधीपासून दिसत होतं.

त्याच काळात जर्मनीने उलटं केलं. मोठ्या कंपन्या आणि सरकारी संशोधननिधी एकत्र येऊन ‘ग्रोव्हियान’ नावाची ३ मेगावॉटची, १०० मीटर व्यासाची प्रचंड चक्की १९८३ मध्ये उभी राहिली. ती एकूण सुमारे ४२० तास चालली, आणि पुढे मोडीत काढली गेली. लोहारांच्या लहान चक्क्या दर वर्षी थोड्या मोठ्या होत गेल्या आणि जग त्यांनी जिंकलं.

पण डेन्मार्कची कथाही सरळसोट नाही. कॅलिफोर्नियात केंद्र आणि राज्य मिळून गुंतवणुकीवर जवळजवळ निम्मी करसवलत मिळत होती, आणि डॅनिश चक्क्या तिकडे धडाधड जाऊ लागल्या. १९८५ च्या अखेरीस त्या सवलती आटल्या. पुढच्याच वर्षी वेस्टासला देणी थांबवावी लागली. लहान होऊन, नव्या रूपात ती पुन्हा उभी राहिली. परदेशातल्या एका कर-कलमावर घर बांधलं की असं होतं. सवलत कधी संपणार हे पहिल्याच दिवशी लिहून द्यावं, हळूहळू कमी करावी आणि मग लिहिल्याप्रमाणे वागावं, एवढाच याचा धडा. तो राजकारण्यांना सर्वांत अवघड जातो, कारण तारीख लिहिली की ती वाढवून देण्याचं श्रेय घेण्याचा मोह होतो.

आता ‘स्थानिक’ या शब्दाकडे येऊ. इथे बराच गोंधळ आहे. हरित बाजारपेठ तयार केली की स्थानिक उद्योग आपोआप वाढतो, हे खरं नाही. जर्मनीने २००० च्या कायद्याने सौर आणि पवन विजेला युनिटमागे २० वर्षांचा ठरलेला दर दिला. माप बरोबर होतं. वीज भरपूर आली, सौरपट्ट्या जगभर स्वस्त झाल्या. पण पट्ट्या बनवण्याचा धंदा चीनकडे गेला. एके काळी जगात सर्वांत जास्त सौरघट बनवणारी क्यू-सेल्स ही जर्मन कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. ग्राहकाच्या बिलातून गोळा केलेल्या पैशावर वाढली ती दुसऱ्याची कारखानदारी. पृथ्वीच्या दृष्टीने हे चांगलंच झालं. त्या कामगारांच्या दृष्टीने नाही.

मग देशी मालाची सक्ती करावी? कॅनडातल्या ऑन्टॅरियो प्रांताने २००९ च्या कायद्यात ती केली. जपान आणि युरोपीय संघ जागतिक व्यापार संघटनेत गेले आणि २०१३ मध्ये प्रांत हरला. भारताने सौर मोहिमेत देशी सौरघटांची अट घातली. अमेरिका गेली, आणि २०१६ मध्ये भारतही हरला. आज मोठे देश व्यापार संघटनेची ही बंधनं किती पाळतात, ते सगळ्यांना दिसतं आहे, म्हणून सक्ती कधीच करू नये असं मी म्हणणार नाही. पण लहान उद्योगांसाठी धोरण आखताना मला दुसरीच बाजू जास्त फायद्याची वाटते. सौरपट्टी जहाजातून येते. ती छपरावर बसवणारा, तीन वर्षांनी बिघडलेला इन्व्हर्टर उघडणारा, बॉयलरची गळती शोधणारा, कचरा वेगळा करून कारखान्याला परत विकणारा माणूस जहाजातून येत नाही. ही कामं हलवता येत नाहीत. त्यांच्यासाठी कुणी मोठी परिषद भरवत नाही, कोनशिला बसवत नाही, म्हणून ती धोरणात तळटीपेसारखी राहतात. प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि परीक्षाकेंद्र यांवरचा खर्च मुख्यतः इथे व्हायला हवा.

प्रमाणपत्रावरून आठवलं. मोजमापाचा आग्रह धरला की लगेच आक्षेप येतो: लहान उद्योगाला हे परवडणार कसं? आक्षेप योग्यच आहे. माल वापरून टाकल्यावर मातीत कुजून जातो, सांडपाणी साफ आहे, यंत्र वीज वाचवतं, हे सिद्ध करायला प्रयोगशाळा लागते, आणि तिची फी मोठ्यालाही तीच, छोट्यालाही तीच. त्याचा परिणाम असा की प्रामाणिक लहान उत्पादक कागद नाही म्हणून बाहेर राहतो आणि खोटा शिक्का मारणारा आत शिरतो. म्हणून परीक्षा कडक ठेवावी आणि तिचा खर्च सरकारने उचलावा. रोख अनुदानापेक्षा हे स्वस्त पडेल. रोखीत एकाचं भलं होतं. प्रयोगशाळा पुढच्या शंभरांना उपयोगी पडते.

सरकारच्या हातातलं सर्वांत मोठं हत्यार मात्र अनुदान नव्हेच. सरकार स्वतः गिऱ्हाईक आहे. शाळा, दवाखाने, रस्त्यावरचे दिवे, बस, कार्यालयं, सगळीकडे माल लागतो. भारतात एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी सरकारी कंपनीने केली, तेव्हा २०१४ मध्ये ३१० रुपयांच्या आसपास असलेला दिव्याचा खरेदीदर २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आला. दिव्यावर थेट अनुदान नव्हतं; मागणी एकत्र केली एवढंच. पण घाऊक खरेदीत एक मेख आहे. ज्याचा दर सर्वांत कमी त्याला काम, आणि निविदेत मागच्या तीन वर्षांची भली मोठी उलाढाल हवी, या दोन ओळी एकत्र आल्या की नवा, लहान, जरा महाग पण टिकाऊ माल करणारा दारातूनच परत जातो. लहान उद्योगांकडून वर्षाच्या खरेदीतला २५ टक्के माल घ्यावा, असा नियम भारतात केंद्रीय खात्यांना आणि सार्वजनिक कंपन्यांना आहे. चांगला आहे. पण त्या २५ टक्क्यांत टिकाऊपणाला किती गुण? वस्तूची किंमत तिच्या आयुष्यभराच्या वीज, दुरुस्ती आणि विल्हेवाटीच्या खर्चासकट धरली, तर निविदांचे निकाल बदलतील.

आणि माल घेतल्यावर पैसे द्या. वेळेवर द्या. हे लिहावं लागतं हेच लाजिरवाणं आहे. भारताच्या २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यायला हवेत. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ होणारं व्याज. वाचायला कायदा किती दणकट! प्रत्यक्षात लहान पुरवठादार हे व्याज मागतो का? ज्या साहेबाच्या सहीने पुढची ऑर्डर येणार, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करेल? तो फोन करतो, ‘साहेब, जरा बघा ना’ म्हणतो, आणि दरम्यान कामगारांचे पगार बाजारातून दरमहा दोन-तीन टक्क्यांनी उचलतो. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशानुसार सरकारी कार्यालयांना साधारण ३० दिवसांची मुदत आहे.

२०२३ मध्ये भारताने एक हुशारी केली: लहान उद्योगाचं बिल मुदतीत दिलं नाही तर खरेदीदाराला त्या वर्षी तो खर्च करातून वजा करता येणार नाही. खासगी कंपन्यांना हे झोंबलं, आणि ओरडही झाली की असं असेल तर खरेदीदार लघुउद्योग म्हणून नोंदणी नसलेल्यांकडे वळतील. पण खरी गंमत वेगळीच. सरकारी खाती आणि नगरपालिका आयकर भरतच नाहीत. ज्यांनी हा नियम शिकवायचा, त्यांना तो लागूच पडत नाही. उपाय फार मोठा नाही. बिल संगणकावर चढलं, माल स्वीकारल्याची नोंद झाली, की ४६ व्या दिवसापासून व्याज आपोआप लागावं, न मागता, आणि ते त्या खात्याच्या तरतुदीतून जावं. पुरवठादाराला तोंड उघडायची गरज नको. एका शहराने एवढं केलं तरी तिथल्या लहान कारखान्यांना कुठल्याही ‘स्टार्टअप निधी’पेक्षा जास्त बळ मिळेल, असं मला वाटतं. खेळतं भांडवल म्हणजे त्यांचा श्वास.

सरकारने पैसे घातलेली एखादी कंपनी बुडते आणि मग सगळ्या कल्पनेचीच टिंगल होते, तेही थोडक्यात. अमेरिकेत सोलिंड्रा या सौरकंपनीच्या ५३.५ कोटी डॉलरच्या कर्जाला तिथल्या ऊर्जा खात्याची हमी होती. नेहमीच्या सौरपट्ट्यांना लागणाऱ्या सिलिकॉनच्या किमती कोसळल्या, तिचं सिलिकॉन टाळणारं वेगळं तंत्र महाग ठरलं आणि २०११ मध्ये ती बुडाली. त्याच खात्याने विजेवरच्या गाड्या बनवणाऱ्या टेस्लाला ४६.५ कोटी डॉलर कर्ज दिलं होतं. तिने ते २०१३ मध्येच, मुदतीच्या कितीतरी आधी फेडलं. नवं काही करायचं तर काही बुडणारच. पण बुडालेल्याचा सगळा भार जनतेवर आणि तरलेल्याकडून फक्त मुद्दल व व्याज, हा सौदा वाईट. तरलेल्याच्या नफ्यात जनतेचा वाटा करारातच लिहायला हवा होता.

शेवटी एक अशी मदत, जी कुठल्याच अर्थसंकल्पात दिसत नाही: प्रदूषण करणाऱ्याला न अडवणं. एकाच नदीकाठी कापड रंगवणारे दोन कारखाने आहेत. एक सांडपाणी साफ करतो, त्याचा किलोमागचा खर्च वाढतो. दुसरा रात्री झडप उघडून नाल्यात सोडतो आणि सकाळी कमी दर सांगतो. ऑर्डर कुणाला मिळेल? पहिल्याला अनुदान देऊन हा हिशेब कधीच जुळणार नाही. दुसऱ्याला मिळालेली सूट त्याहून मोठी आहे.

तमिळनाडूतल्या तिरुपूरला हे वर्षानुवर्षं चाललं. नोय्यल नदी रंगीत झाली, खालच्या धरणातलं पाणी शेतीच्या लायकीचं उरलं नाही, शेतकरी न्यायालयात गेले. २००६ मध्ये न्यायालयाने मुदत घालून दिली. ती पाळली गेली नाही. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सगळे रंगकारखाने बंद करायला सांगितले, सातशेहून जास्त. कामगार घरी बसले, रंगकाम दुसऱ्या जिल्ह्यांत, दुसऱ्या नद्यांच्या काठी जाऊ लागलं. त्यानंतर राज्य सरकारने सांडपाण्याच्या सामायिक प्रक्रिया केंद्रांना २०० कोटी रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं. आज तिथे पाणी गाळून पुन्हा रंगकामाला वापरतात, रंगकामात लागणारं मीठही परत मिळवतात, आणि निर्यातदार हेच दाखवून परदेशी गिऱ्हाईक आणतात. म्हणजे तंत्र होतं, पैसाही उभा राहू शकत होता. नियम लागू होईल यावर मात्र कुणाचाच विश्वास नव्हता, म्हणून आधीच्या काळात यंत्रणेत पैसे घालणारा मूर्ख ठरत होता.

यातून मी एवढंच काढतो की कर्ज आणि तारीख एकाच कागदावर यायला हवी. सांडपाणी केंद्राला पैसे मंजूर होतील त्याच दिवशी ते न वापरणाऱ्याचं वीजजोड कधी तोडणार, हेही लिहिलेलं असावं, आणि शेजारच्या जिल्ह्यांत तोच नियम तीच तारीख धरून लागू असावा. नाहीतर घाण फक्त पंचवीस किलोमीटर सरकते. निवडणुकीच्या तोंडावर ती तारीख पुढे ढकलली जाणार नाही, असं बँकांना एकदा दिसलं, तर अशा यंत्रणेला कर्ज द्यायला त्यांना सरकारी हमीसुद्धा फारशी लागणार नाही.